वेषांतरातला बाळू

अरं, आमच्या पिक्चरचं तुमाला सांगितलंच न्हाई की. ऐंशीच्या काळात कमी पैशात पोलिसांचे रांगडे पिक्चर निघायचे ना, तसलाच काढत होतो आमी. वेष बदललेला फौजदार जुगाराच्या अड्ड्यात शिरतो, इशारा करतो अन् धाड पडती, बस. कपिलधारच्या रस्त्याला पत्र्याचं शेड मिळालं. कॅमेरा एकाच दिवसापुरता मिळालता. पत्ते खेळायला गावातलीच माणसं बसवली अन् त्यांना म्हणलं, अनोळखी माणूस आल्यावर बोलता तसंच बोला.

फौजदार झालता आमचा बाळू. चार वर्षं पोलीस भरतीत नापास झालेला गडी, लई जीव तोडून करत होता. त्याला बजावलं, "काई झालं तरी तू केळीचा व्यापारी."

कॅमेरा सुरू झाला अन् बाळू आत गेला. पत्ते पिसता पिसता म्हाताऱ्या नानांनी विचारलं, "पाव्हणं कुठलं?"

"अंबाजोगाईचा."

"लगीन झालंय?"

"न्हाई."

"आमची पुतणी हाय, बीए झालीय. नोकरी काय करता?"

आमी भिंतीआडून बघत होतो. बाळूनं छाती पुढं काढली.

"पोलिसात हाय."

अड्ड्यातला एक माणूस उठून पळाला असंल तर शपथ. नानांनी पत्ते खाली ठेवले, सरकून जागा केली अन् म्हणले, "बसा की मंग. शेती किती?"

मी कॅमेरावाल्याला म्हणलं, "कट कर बे."

त्यानं मानसुद्धा वळवली न्हाई. "थांब बे, जमतंय त्याचं."