सहाव्या आठवड्यातला घोडा

नाही, मागून नका येऊ, वन्सं — असं खांद्याच्या बाजूनं या, त्याला दिसाल अशा. ओळखीचा असला तरी जनावर आहे, आणि पाठीवर सुरी फिरलेलं जनावर. हं, तिथं उभ्या राहा, बादलीपाशी. बोला तुम्ही, मी ऐकतेय, फक्त हात थांबणार नाहीत माझे — याचा व्यायाम अर्ध्यात सोडला की हा दिवसभर रुसतो. हे बघा, गाजर बरगडीपाशी धरायचं, म्हणजे तो मान वळवून येतो, येतो... आणि इथं थांबायचं. कान मागे पडायच्या आत. दुखणं सुरू व्हायच्या बोटभर अलीकडे — सगळी विद्या एवढीच आहे. आधी माणसांवर केली मी, दहा वर्षं, इस्पितळात. माणसं उगाच विव्हळतात, नाहीतर दुखत असून नाही म्हणतात. घोडा खोटं बोलत नाही.

काय झालं होतं म्हणजे? तुमच्या भावानं सांगितलं नाही? मणक्यांची वरची टोकं एकमेकांवर घासत होती, हाडावर हाड. तीन वर्षं. खोगीर टाकलं की हा अंग चोरायचा, पोटाखालचा तंग आवळला की चावायला यायचा, आणि हे म्हणायचे, नाटकं करतोय. शिकायला आलेल्या लोकांसमोर चाबूक ओढायचे — आता बघा याची नाटकं कशी काढतो. मी सांगत होते, तपासून घ्या, तपासून घ्या — पण घरच्या बायकोचं शिक्षण म्हणजे काय, चुलीपुरतं. शेवटी घोड्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला तेव्हा ह्यांचा चेहरा बघायला हवा होतात. चाळीस घोडे हाताखालून गेलेला माणूस. जाऊ दे. माझा खांदा निखळला होता ना, आठवतं? ह्याच रिंगणात. तेव्हाही म्हणाले, उठ, पाहुणे बघताहेत. तुम्ही होतात की. तुम्ही हसलात, वन्सं. नाही हो, राग कसला, विषय निघाला म्हणून सांगितलं.

तर याचं ऑपरेशन झालं. पहिले दोन आठवडे नुसता तबेल्यात उभा. मग लगाम धरून दहा मिनिटं चालवायचं, मग पंधरा. मग जमिनीवर बांबू टाकायचे, त्यांवरून पाय उचलत चालला की पोट आत जातं, पाठ वर येते. आणि पोटाखाली अशी बोटं दाबली की — बघा, कशी उचलली पाठ. आधी नुसता हात लावला तरी थरथरायचा. बारा आठवडे वर कुणी बसायचं नाही. रिकामं खोगीरसुद्धा दहाव्या आठवड्यात, तेही सैल.

हो, बरोबर. हे पडले ते सहाव्या आठवड्यात. ध्यान आहे तुमचं.

नाही, हट्टानं नाही बसले. सगळ्यांना तसं वाटतं, मी वाटू दिलं. इथंच आले होते सकाळी, तुम्ही उभ्या आहात तिथं, आणि मला विचारलं — नीट विचारलं, एरवी आवाज चढवल्याशिवाय पाणी न मागणारा माणूस — 'बसू का गं? चालेल त्याला?' याच्या ऑपरेशननंतर मला मानायला लागले होते ना. हिच्या हाताला गुण आहे म्हणून लोकांना सांगायचे. मी म्हटलं, बसा की. का म्हटलं? आता काय सांगू — इतकी वर्षं मी नाही नाही म्हणत होते, कुणी ऐकलं नाही, म्हटलं एकदा हो म्हणून बघावं. तंग मीच आवळला. शेवटच्या भोकापर्यंत. आणि बाजूला झाले. तीन पावलं गेला हा, तीनच. ह्यांची कंबर रिंगणाच्या फळीवर आपटली, आवाज आला तसा. मी आधी याच्याकडे धावले — आतलं काही उसवलं असतं तर? आठवडाभर त्या एका विचारानं अन्न गोड लागलं नाही मला.

असं काय बघताय? तुम्ही विचारलंत म्हणून बोलले. एरवी कुणी विचारतंय कुठे.

ह्यांच्या ऑपरेशनला? चौदा आठवडे होतील मंगळवारी. नाही उठत अजून. सर्जन म्हणाले होते, दुसऱ्या दिवसापासून उभं करा, घरचीच फिजिओथेरपिस्ट आहे, मग काळजी कसली. काळजी नाहीच. पहिल्या दिवशी उठायला गेले, कळवळले, मी म्हटलं, पडून राहा, घाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी तेच. पुढं पुढं हे स्वतःच म्हणायला लागले, घाई नको. मांड्या बघितल्यात? काठ्या झाल्यात. भरतात पुन्हा, नाही असं नाही, पण रोज मेहनत घेणारं माणूस लागतं, आणि दोघांना पुरेल एवढी मी नाही. बाकी कशात कसूर नाही हं. कूस बदलते, अंग पुसते, घास भरवते. अंगावर एक जखम नाही. बोट दाखवायला जागा नाही कुणाला.

ह्यांना न्यायचंय? न्या की, गाडी आणलीच आहे तुम्ही. मघाशी विचारलंत ना त्यांना? खिडकी उघडी आहे, मला इथवर ऐकू आलं — हिच्याशिवाय माझी पाठ कुणाला कळत नाही, म्हणाले. आता मी बोलले ते सगळं जाऊन सांगा. म्हणतील, तुला ती पहिल्यापासून बघवत नाही. आणि खोटं काय त्यात?

हाक मारताहेत बघा. पाणी हवं असेल. तांब्या उशाशीच आहे, हात पुरत नाही एवढंच. जा, तुम्ही द्या, मला अजून वीस मिनिटं चालवायचंय याला. आणि जाताना फाटक हळू लावा, वन्सं — आपटलं की हा दचकतो, पाठ ताठ करतो.