स्टँड कधी बोलतो का?

नाही, मला सांगायचंच नव्हतं. मामाने बजावलंय, अगदी डोळे मोठे करकरून बजावलंय की ही गोष्ट ह्या कानाची त्या कानाला कळता कामा नये. आणि मी सांगणारही नव्हते हो! मी मुळात कुणाशी बोलतच नाही, वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायचं तरी माझ्या घशाला कोरड पडते... पण तुम्ही रांगेत माझ्या मागेच उभे आहात, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत, आत्ता ते पांढऱ्या दाढीचे काका आले, माझ्या हातात खोकल्याच्या गोळ्यांची पुडी कोंबली आणि वर काय म्हणाले? "बाळ, आज तरी तोंड आवर हं." मला! तोंड आवर! मला! आणि तुम्ही सगळे माझ्याकडे असे बघायला लागलात, की जणू मागच्या खेपेला मी इथे येऊन खुर्च्या मोडून गेलेय. म्हणून सांगते. मामा पाणी आणायला गेलाय, तोवर पटकन सांगते. मागे वळून बोलत नाही म्हणून राग मानू नका, मला मान वळवायची परवानगी नाही. का? अहो, तेच तर!

तर हा माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून "आता वरची ओळ वाचा, आता खालची, आता कुठली स्पष्ट दिसते, ही की ही?" असं गोड आवाजात विचारत असतो. इतका सभ्य माणूस, की गिऱ्हाइकाने चुकीचं अक्षर वाचलं तरी "छान, छान" म्हणतो. पण आज ज्याच्या कार्यक्रमाला आपण रांग लावलीय, त्या बँडचं नाव काढा, संपलं! ह्याच्या अंगात येतं. बरं, नुसता ऐकणारा असता तर मी कशाला बोलले असते? हा रेकॉर्ड करणारा. तुम्हाला वाटेल, मोबाइल वर धरून करत असेल. तसं त्याच्यासमोर म्हणू नका बरं का, माणूस चार दिवस जेवणार नाही. त्याच्याकडे इवलेसे दोन माइक आहेत, डाळिंबाच्या दाण्याएवढे, आणि एक रेकॉर्डर. बँडवाल्यांची ना नाही, ते स्वतःच म्हणतात, करा, एकमेकांना वाटा, फक्त विकू नका. आणि मामासारखीच आणखी मंडळी आहेत, ती आपापलं रेकॉर्डिंग एकमेकांना पाठवतात, आणि त्यांचा एक कडक नियम आहे : जे आलं ते आलं, कापायचं नाही. दारातल्या रांगेपासून कार्यक्रम संपून दिवे लागेपर्यंत, सगळं जसंच्या तसं. कापलं तर म्हणे पाप!

पूर्वी मामा माइक स्टँडला लावायचा. एके दिवशी दारावरच्या माणसाने अडवलं. "हे काय? स्टँड? बाहेर ठेवा. मागच्यांना दिसत नाही." मामाने हातापाया पडून पाहिलं, चष्मा फुकट करून देतो म्हणाला, पण तो माणूस ढिम्म. मग मामाने स्टँडकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. परत स्टँडकडे. परत माझ्याकडे... आणि तुम्हाला सांगते, मी दोन पावलं मागेच सरकले. मी वर्गात सगळ्यांत उंच, त्याला मी काय करू? मामा म्हणतो, "तू उंच आहेस, तू हलत नाहीस, तू बोलत नाहीस. देवाने तुला घडवताना अगदी माझ्या गरजेचा विचार केलाय बघ!" ह्याला कौतुक म्हणायचं?

झालं! त्या दिवसापासून मी स्टँड. हा बघा, हा केसांचा पट्टा दिसतोय ना, त्याला दोन्ही कानांवर चष्म्याच्या दांड्यांचे तुकडे बसवलेत, त्यांना माइक, आणि वायर वेणीतून खाली पाठीवरच्या पिशवीत. आईने पाहिलं तेव्हा ओरडली, "अरे, पोरीला जरा माणसात राहू दे!" तर हा म्हणतो, "ताई, तिला पुढे उभं राहून फुकट बघायला मिळतं, लोक त्यासाठी जीव टाकतात." बघायला? मी फक्त नाकासमोरचं बघते! ड्रम वाजवणारा डाव्या बाजूला बसतो, तो दिसायला कसा आहे ते मला आजतागायत माहीत नाही. मला दिसतो फक्त बेस वाजवणाऱ्याचा गुडघा. तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना मामाला! सांगायचं? स्टँड कधी बोलतो का?

आणि मामाने स्वतःच्या डोक्याला का नाही लावले, हेही विचारा. कारण ड्रमवर काठी पडली की त्याचं डोकं गाडीत ठेवलेल्या मान डोलावणाऱ्या कुत्र्यासारखं हलतं, आणि त्याला पत्ता नसतो! त्याला वाटतं आपण पुतळा. आणि मला नियम किती? टाळी नाही. शिट्टी नाही. शिंक आली तर नाक दाबून डोळ्यांतून काढायची. गाणं? गाणं तर अजिबात नाही. "तुझ्या तोंडापासून माइक वीतभर लांब, स्टेज कुठल्या कुठे. तू नुसती गुणगुणलीस तरी रेकॉर्डिंगमध्ये तूच मुख्य गायिका होशील." ... आणि मला सगळी गाणी पाठ आहेत हो. सगळी! घरी बाथरूममध्ये नळ मोठा सोडून मी गाते. माणसांत मला तोंड उघडवत नाही, पण त्या गर्दीत, जिथे सगळेच ओरडतात, कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथे मी गायले असते. जगात ती एकच जागा होती जिथे मला लाज वाटली नसती, आणि तिथेच माझ्या कानावर माइक!

मागच्या खेपेला तर कहर झाला. बँडने जाहीर केलं होतं, हा आमचा शेवटचा कार्यक्रम. मामा आठवडाभर दुकानात लोकांना चुकीचे नंबर देत होता. त्यात त्यांचं एक गाणं आहे, ते त्यांनी कधीच कुठल्या अल्बममध्ये घातलं नाही, गायकाला वाटलं तरच स्टेजवर म्हणतो. मामाच्या मंडळींपैकी एकाकडेही ते स्वच्छ रेकॉर्ड नाही. एकाच्यात ऐन वेळी कुणाचा तरी फोन वाजतो, एकाच्यात पंखा घरघरतो. मामा म्हणाला, "आज ते झालं ना, तर आपण इतिहास घडवणार." आपण!

गाणी सुरू झाली. चहूकडे लोक उड्या मारतायत, आणि मधोमध मी, खांब. मागचा एक दादा म्हणतो, "ए ताई, तुला कुणी जबरदस्तीने आणलंय का?" मी गप्प. एवढ्यात प्रथमोपचारवाली बाई गर्दीतून आली. "बाळा, काय होतंय? चक्कर येतेय?" आता मी काय करू? बोलले तर रेकॉर्ड होणार, मान हलवली तर आवाज डावीकडून उजवीकडे पळणार. मी नुसते डोळे मिचकावले. तिला वाटलं, मुलगी चालली! तिने माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला, नाडी पाहिली, पाणी आणलं, आणि मामा शेजारी उभा राहून हातवारे करतोय, ती ठीक आहे, ठीक आहे, तिला फक्त हलवू नका! बाईने त्याच्याकडे असं पाहिलं ना... मी असते तर त्यालाच आधी बांधून नेलं असतं. पण मी काय बोलणार? स्टँड कधी बोलतो का?

आणि मग ते गाणं आलं. खरंच आलं! सगळी वाद्यं थांबली, एक गिटार आणि तो गायक. एवढी मोठी गर्दी चिडीचूप. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि तुम्हाला सांगते, मी फक्त ओठ हलवले. फक्त ओठ! आवाज आत, गच्च दाबून ठेवलेला... आणि एवढ्यात माझ्या उजव्या कानात, गुंऽऽ... मला वाटलं डास. मग डासाला शब्द फुटले. मग डास रडायला लागला. मामा! डोळे मिटलेले, चष्म्याखालून धारा लागलेल्या, आणि हा माणूस, मला गुणगुणायची बंदी करणारा हा माणूस, माझ्या कानाला तोंड लावून गळा काढून गातोय! मध्येच हुंदका, मध्येच नाक ओढणं, मग वरची पट्टी, ती तर कुठल्या कुठे सुटलेली. गाणं संपलं, डोळे पुसले आणि मला खुणेने म्हणतो कसा, 'काय स्वच्छ आलं असेल ना!'

दुसऱ्या दिवशी कानांना हेडफोन लावून बसला. मी समोर. आधी हसरा चेहरा. मग भुवया. मग तोंड उघडं. "हा कोण रेडा? कोण आहे हा? तुझ्या मागे तो उड्या मारणारा होता, तोच ना?" मी म्हटलं, "मामा, तो तू आहेस." ... त्याने परत ऐकलं. परत. मग चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, "हे कुणाला सांगायचं नाही. तुझ्या आईला तर नाहीच."

बरं, पाठवायचं तर होतंच, सगळे वाट बघत होते, आणि कापणं म्हणजे पाप! पाठवलं. तासाभरात फोन. हेच ते पांढऱ्या दाढीचे काका, त्यांना सगळे कानसेन म्हणतात, त्यांच्या कानातून काही सुटत नाही. मामाने फोन स्पीकरवर ठेवला होता. "अहो, बाकी सगळं उत्तम, पण त्या गाण्यात तुमच्या शेजारी कुणाचं म्हातारं गेलं होतं का हो?" आणि माझा सख्खा मामा, ज्याच्यासाठी मी शिंका डोळ्यांतून काढल्या, तो मामा काय म्हणाला? "काय सांगू, भाची हो. लहान आहे. भावनेच्या भरात..." भाची! कानसेन म्हणाले, "भाचीचा आवाज इतका घोगरा?" तर हा, "सर्दी झालीये हो तिला." आणि मला हाताने खूण, खोक, खोक! मी डोळे वटारले. त्याने हात जोडले. पाय चेपून देतो, पाया पडतो, सगळं खुणांनीच... आणि मी खोकले! खोकले हो! काय करणार? मामा आहे, त्याची त्या मंडळींत इतक्या वर्षांची इज्जत...

पण माझी? माझी इज्जत कुठे गेली? आता त्या सगळ्यांत मी 'सर्दीताई'! परवा कुणी ओव्याची पुरचुंडी धाडली, आज ह्या गोळ्या! एक काकू म्हणाल्या, "बाई गं, त्या गाण्याचं पार वाटोळं केलंस, पण आता मनाला लावून घेऊ नकोस." मी केलं? मी? आयुष्यात एकदा मला माझ्या आवाजात ते गाणं म्हणायचं होतं, ते मी दाबलं, आणि मामाच्या आवाजासाठी माझी बदनामी! आणि त्या बँडला तरी काही वाटावं? शेवटचा कार्यक्रम म्हणून सगळ्यांना रडवलंत, आणि आज परत आलात? आजचा म्हणे अगदी खरोखरचा शेवटचा!

म्हणून मी ठरवलंय. अजून कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगते. आज ते गाणं आलं ना, तर मी गाणार. मोठ्याने! शिव्या तर खाऊन झाल्याच आहेत, मग गायचं का सोडू? मामाला कळू दे, कानसेनांना कळू दे, माझा खरा आवाज कसा आहे आणि तो रेडा कोण होता ते सगळ्या जगाला...

काय? हो मामा, इथेच आहे... नाही रे, कुणाशी नाही बोलत. मान सरळच आहे... काय चालू आहे? रेकॉर्डर? आत्ता कशाला, अजून दार तर... केव्हा चालू केलास? रांगेत लागतानाच? आणि मग तू पाणी आणायला... म्हणजे मी मघापासून जे जे...

झालं! आता हे सगळं कानसेनांपर्यंत जसंच्या तसं जाणार. जाऊ दे! आले रे मामा, ओढू नकोस, वायर तुटेल... निदान ह्या खेपेला आवाज तरी खरोखर माझा आहे, आणि सर्दी तर मला मुळीच—