देव्हाऱ्यातली डिस्क

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. जपून ठेवलेली वस्तू आपल्यापाशी आहे, हे आपल्याला कशावरून कळतं? कुलूप लावलंय म्हणून? की रोज तिच्यापुढे हात जोडतो म्हणून?

माना डोलल्या. म्हणजे सगळ्यांना कळलेलं दिसतंय. मग आरती लावू का? नाही ना — तर ऐका.

सोलापुरात नरसय्या येमूल नावाचे एक मालक. चादरींचा कारखाना. आणि त्या चादरींवरच्या नक्ष्या काढणारे अंबादासकाका कोंगारी. आधी चौकटीच्या कागदावर रंग भरायचे, मग संगणक शिकले आणि जुने कागद रद्दीत गेले. हत्तींची रांग, कमळं, उंबराची पानं — या माणसाचं सगळं आयुष्य त्या नक्ष्यांत गेलं, आणि त्या सगळ्या नक्ष्या कारखान्याच्या सर्व्हरमध्ये ठेवलेल्या.

सर्व्हर म्हणजे काय, असं पुढच्या आजी विचारतायत. आजी, मोठ्या घरात एक कोठीची खोली असते ना? सगळ्यांचं धान्य तिथं, ज्याला लागेल त्यानं तिथनं न्यायचं. तसा हा सगळ्यांचा सामाईक संगणक. नक्षी तिथून निघते आणि मागावर जाते. आता कोठीलाच आग लागली तर? म्हणून आतल्या सगळ्याची दुसरी प्रत काढून वेगळी ठेवायची. तिला म्हणतात बॅकअप.

मालक शिस्तीचे आणि भाविक. रोज संध्याकाळी संगणक सांभाळणारा सतीश वल्लाळ एक छोटी डिस्क सर्व्हरला जोडायचा. कालची प्रत पुसून आजची चढायची. पडद्यावर हिरवी अक्षरं — प्रत पूर्ण झाली. मग ती डिस्क ऑफिसातल्या देव्हाऱ्यात, मार्कंडेयाच्या तसबिरीपुढे एका जुन्या कापडी आसनावर ठेवायची. मग आरती. खंडेनवमीला तर डिस्कला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल!

हसताय काय? त्या दिवशी तुम्ही मोटारसायकलला हार घालता. तिचं ऑइल कधी बदललंत?

एका संध्याकाळी मालकांची सून विजया, ऑर्डरी बघणारी, सासऱ्यांना सहज म्हणाली, "मामा, ही डिस्क कुणी कधी उघडून बघितलीय का?"

मालक म्हणाले, "विजया, देवापुढं ठेवलेला नारळ तू रोज फोडून बघतेस का, आत खोबरं आहे की नाही म्हणून?"

सगळे हसले. सतीश सगळ्यात मोठ्यानं हसला, कारण त्यानंही ती कधी उघडली नव्हती.

पुढं काय झालं? नक्ष्या वाढल्या, कोठी भरली. सतीशनं सर्व्हरमध्ये नवा मोठा कप्पा बसवला आणि सगळ्या नक्ष्या जुन्या कप्प्यातून नव्यात हलवल्या. काम चोख केलं. एकच गोष्ट राहिली. प्रत कुठल्या कप्प्याची काढायची, हे यंत्राला पूर्वी सांगून ठेवलेलं होतं. ते बदलायचं राहून गेलं. बिचारं यंत्र! त्याला सांगितलं तेवढं ते इमानानं करत राहिलं. रोज जुन्या कप्प्याची प्रत, रोज हिरवी अक्षरं, रोज आरती.

आणि एका सकाळी नवा कप्पा बंद पडला. आतून नुसता टक टक आवाज. माग थांबले. कारखान्यात इतकी शांतता झाली की बाहेरचा चहावाला आत डोकावून गेला. दुरुस्तीवाला आला, कान लावून ऐकलं, आणि म्हणाला की यातलं आता काही बाहेर निघणार नाही.

मालक मात्र निवांत. खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "सतीश, देवाकडनं आण."

डिस्क आली. जोडली. सगळे मागं गोळा झाले. सतीशनं ती उघडली, आणि पडद्यावर कोण? नवरी! मुंडावळ्या बांधलेली, लाजलेली — विजयाच! पुढचा फोटो, वरातीचा बँड. त्याच्या पुढचा, पंगतीत बसलेले मालक, तोंडात जिलबी. जुन्या कप्प्यात, कुणीतरी कधीतरी ठेवून दिलेले, लग्नाचे फोटो तेवढे उरले होते. इतके दिवस हळदकुंकू वाहिलं ते मालकांच्या जिलबीला.

हसा, हसा. पण तिथं कुणी हसलं नाही. कारण अंबादासकाका पुढं आले आणि त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला.

"मालक, डोक्यात आहे सगळं," ते म्हणाले. "पण धाग्याधाग्याचा हिशेब आठवत नाही, आणि हात आता रेघ धरत नाही."

मंडळी, माग दुसरा आणता येतो. हा हात कुठून आणायचा?

सतीश रडकुंडीला आला, नोकरी सोडतो म्हणाला. मालकांनी त्याला खाली बसवलं. उघडून बघू नका असं मीच शिकवलं, म्हणाले. आणि स्वतः डोकं धरून बसले. तेवढ्यात विजयानं भलताच प्रश्न विचारला.

"मामा, तुम्ही झोपताना काय पांघरता?"

"काय पांघरणार? चादर."

"कुठली?"

"आपलीच. हत्तींची." एवढं बोलले आणि मालकांनी मान वर केली.

गावभर निरोप गेला. येमूलांची जुनी चादर ज्यांच्याकडे असेल त्यांनी घेऊन यावं. आणि लोक आले हो! एकीनं दाराचा पडदा काढून आणला. एकानं स्कूटरच्या सीटवरची सोडून आणली. एक मावशी आल्या त्या अट घालूनच — नातू या चादरीशिवाय दुपारी झोपत नाही, तेव्हा लवकर परत द्या, आणि धुऊ नका, वास बदलला की ओरडतो. आता बोला!

एकेक चादर टेबलावर पसरायची. अंबादासकाका भिंग लावून धागे वाचायचे, सांगायचे. सतीश पडद्यावर चौकटी भरायचा. डोकं काकांचं, हात सतीशचा. हत्ती परत आले, कमळं परत आली. राहिली एकच, उंबराची पानं. काकांची सगळ्यात पहिली नक्षी. ती फारशी खपलीच नव्हती. कुणाच्याच घरी सापडेना. काका म्हणायचे, जाऊ द्या. पण रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसायचे.

शेवटी नव्यानं प्रत काढायची वेळ आली. सतीशनं देव्हाऱ्यातली डिस्क उचलली, आणि डिस्कखालचं ते जुनं आसन त्याच्या हाताला चिकटून वर आलं. हळदीनं पिवळं, तेलकट. त्यानं ते झटकलं. पानं दिसली.

येमूलांची रीत होती, नव्या नक्षीचा पहिला तुकडा देवाला. कधीचा तरी तो तुकडा, तिथंच पडलेला. सगळे ज्या डिस्कला नमस्कार करत होते तिच्यात काही नव्हतं, आणि ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं त्या आसनात सगळं होतं.

काकांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, भिंग लावलं. मग म्हणाले, "सतीश, घे लिहून. आणि ते कुंकवाचे डाग नक्षीत धरू नकोस."

त्या कारखान्यात आजही रोज आरती होते. पण त्याआधी डिस्क उघडतात, कुठलीही एक नक्षी बाहेर काढतात, आणि वीतभर कापड विणून बघतात. मालक आरतीचं तबक हातात घेऊन थांबतात आणि विचारतात, "विजया, नारळ फोडला का?" ती वीतभर कापड दाखवते. मग घंटा वाजते.

आता तुमच्याकडे वळतो. पेटीवाले, तुम्हीसुद्धा ऐका. वर्षानुवर्षं तुम्ही इथं येता. राग आवरावा — ऐकलंत. क्षमा करावी — ऐकलंत. दरवेळी प्रत पूर्ण झाली म्हणून समाधानानं घरी जाता. कप्पा तोच होता का? उघडून बघितलाय?

लांब जायला नको. आता आरती होईल, तुम्ही बाहेर पडाल, आणि तुमच्यातल्या एखाद्याच्या नव्या चपला कुणीतरी घालून गेलेला असेल. तिथं, त्या पायरीवर, अनवाणी उभं असताना तुमचा नारळ फुटेल. आत काय निघतं, ते मला सांगायला येऊ नका. तुमचं तुम्ही बघा.

चला, उठा. सावकाश.