ठेक्याची गाडी

सिहोऱ्याचे आमचे मामाजी राइस मिलवाले. रेसच्या गाडीवानी पळणारी महागडी एसयूव्ही तीन सालाच्या लीजवर घ्याले नागपूरले गेले, सोबत मीही.

शोरूमवाला म्हणाला, "रंग तुमच्या पसंतीचा, सीटला लाल चामडं. खास ऑर्डरनं बनवून घेऊ."

"त्याचा खर्च कोणाकडं?"

"तुमच्याकडे, सर."

"अन् तीन सालानं?"

"गाडी कंपनीला परत."

मामाजी म्हणाले, "मले एक समजून नाही राहिलं. ठेक्यानं केलेल्या धानाच्या बांधीत कोणी पदरचं शेणखत टाकते काय? उद्या बांधी तं मालकाचीच!"

इतका वेळ शुद्ध बोलणारा तो माणूस खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "मामाजी, मी तुमच्याच जिल्ह्याचा, लाखांदूरचा. आमचा बाबाबी ठेक्यानंच धान करते. तुमी साधी पांढरीच घ्या."