फोटो लावून कुठे राहिलात?

आपल्या बोलीनं मले कसं पकडून दिलं, ते सांगतो. इंटरनेटवर तो ज्ञानकोश नाही का, ज्याच्यात कोणीही लिहू शकते? त्याच्यात आपल्या गावाचं, रामाकोन्याचं पान दोनच ओळीचं होतं. म्हटलं, आपण भरू. संत्र्याचं लिहिलं, कपाशीचं लिहिलं, पण फोटो काही लागेचना. अडलेल्यांसाठी तिथं एक पान आहे, त्याले चावडी म्हणतात. त्या चावडीवर मी विचारलं, "दोन दिवसांपासून फोटो लावून राहिलो. काय चुकून राहिलं?"

तिकडून कोण्या सरांचं उत्तर आलं, "फोटो लावून कुठे राहिलात? प्रश्न नीट समजला नाही."

मले वाटलं, पत्ता विचारून राहिले. मी लिहिलं, "इथंच राहिलो सर. दोघं भाऊ इंदूरले गेले, मी रामाकोन्यातच राहिलो."

थोड्या वेळानं त्याच्याखाली एका बाईनं लिहिलं, "सर, ते फोटो लावत आहेत, असं म्हणून राहिले." मग मले लिहिलं, "दादा, मी तुमच्या बाजूच्याच लोधीखेड्याची. बारा वर्षांपासून पुण्यात आहे. तुमचं 'राहिलो' वाचलं अन् वाचतच बसली. इथं असं कोणीच बोलत नाही." फोटोचं बटण कुठं आहे, तेही तिनंच सांगितलं.

फोटो तर त्याच दिवशी लागला. पण मी अजून रोज चावडीवर एखादी अडचण विचारून राहिलो. तेवढंच तिले वाचाले भेटते.