रिकामा रकाना

—तिथे नको बसूस, तिथे लाल मुंग्या आहेत. गेल्या वर्षी तुझ्यासारखाच एकजण तिथे वही उघडून बसला आणि मग विजार झाडत थेट समुद्रापर्यंत पळाला. इकडे ये, या ओंडक्यावर. आणि आत जायचं नाही, सांगितलं ना एकदा. आत सुनावणी चालली आहे, सात गावांचे मुखिया बसलेत. तुझं ते पत्र वनखात्याचं असो नाहीतर पंतप्रधानांचं, आत त्याला कोणी विचारत नाही. ऐकायचं तर इथून ऐक, भिंत झावळ्यांची आहे, तीही अर्धीच. मीपण इथूनच ऐकतोय. मी बाहेर का? – अरे आत उकडतं म्हणून. माझं नाव पुकारलं की जाईन. मला सोडून कसली सुनावणी होणार? डोरिनचा सख्खा मामा मी. आमच्यात जमीन आईकडून लेकीला जाते, पण सभेत उभं राहून बोलायचं ते मामानं. मालकीण व्हायचं भाचीनं आणि घसा कोरडा करायचा मामानं – असा आमचा न्याय. तेव्हा बोलावतील. सुपारी घेतोस? नको? गेल्या वर्षीच्यानं घेतली होती, चुना जास्त लावला, जीभ सोलून निघाली. तीन दिवस प्रश्न विचारता आले नाहीत त्याला. गावाला फार बरं वाटलं.

बरं, काढ तुझे कागद. किती पानं? चौदा! आणि हे वर काय – संमतीपत्रक. ‘मी या अभ्यासातून केव्हाही माघार घेऊ शकतो.’ माघार घेऊन जाऊ कुठे, बाळा? मी इथेच राहतो. माघार तू घेणार, शुक्रवारच्या बोटीनं. पुढे? ‘तुमच्या समुदायात जंगलाविषयीचे निर्णय कोण घेतं?’ – हाच. हाच प्रश्न पहिला. दर वेळी हाच पहिला, जसा देवळात आधी घंटेला हात. मी चार जणांना उत्तर दिलंय याचं, चारही डॉक्टर झाले. तू अजून नाही? होशील की. आमच्यावर होशील. या एका गावानं चार डॉक्टर केले, आणि पोराला ताप आला की गोळी द्यायला एकही नव्हता – डोरिन नर्स होऊन परत आली तोवर. चौघांपैकी एकालाही ताप मोजता येत नव्हता. झाडं मोजायचे. झाडाला फीत गुंडाळायची, छातीच्या उंचीवर. कोणाच्या छातीच्या, विचारलं मी – झाडाला तर छाती नाही. तर म्हणे जगभर एकच छाती ठरलीय. वा! आणि मग त्या घेरावरून सांगायचं, या झाडात इतका कार्बन. तुमच्या गाड्यांचा, विमानांचा धूर, तो आमच्या झाडांनी गिळायचा, आणि नीट गिळतात की नाही ते बघायला तू विमानात बसून येणार! हसू नकोस. तू हसतोस म्हणजे तुला कळलंय, आणि कळूनही आलास.

समुद्र वर येतोय, हे पण सांगणार असशील. सांग. गेल्या वर्षीच्यानं पडद्यावर नकाशा दाखवला होता, लाल पट्टा, इथपर्यंत पाणी येईल म्हणून. म्हातारी सालोमे पुढे बसली होती, ती म्हणाली, माझी चूल दोन वर्षांपूर्वीच उचलून मागे नेली मी, तुझा पट्टा उशिरा निघाला. त्यानं ते लिहून घेतलं! ‘स्थानिकांचं निरीक्षण.’

आत आता मोस्टिन बोलतोय, ऐकतोस ना, तो घोगरा आवाज? नदीच्या पलीकडचा. त्यांच्या बाजूचं बोलणं आज आधी. आमच्या आज्यापासून आम्ही वरच्या कड्याखाली डुकरं मारतो, म्हणून कडा आमचा – एवढंच त्याचं म्हणणं. डुक्कर मारलं म्हणून डोंगर याचा! मी उद्या याच्या अंगणात कोंबडी मारतो. पण गेल्या खेपेला, तीन वर्षांपूर्वी, हेच बोलून तो खालचा उतार घेऊन गेला. महिना झाला नाही तोवर लाकडाची कंपनी उतारावर. तू बोटीतून येताना पाहिलं असशील, तो लाल डाग, भाजलेल्या पाठीसारखा. तो आमचा उतार. ओढ्याचं पाणी अजून चहासारखं येतं. आता राहिलाय तो वरचा कडा. आज मोस्टिनला मिळाला तर पावसाआधी तिथे बुलडोझर चढतील. डोरिनला मिळाला तर उभा राहील. यात तुझं सगळं आलं, तुझी धोरणं, तुझं शासन का काय ते. चौदा पानं कशाला हवीत?

तर जमीन कोणाची हे ठरतं कसं – आता हे लिहून घे, हे तुला फुकट. वर कड्यापासून खाली समुद्रापर्यंत आमच्या पूर्वजांच्या दगडांच्या जागा आहेत. नऊ. तिथे लाकूड तोडत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत. सभेत उभं राहून त्या क्रमानं सांगायच्या, वरून खाली, जसे पूर्वज उतरले तशा. ज्याला सांगता येतात त्याची जमीन. तुझ्या देशात कागद असतो, तो जळतो, चोरीला जातो. आमचा कागद तोंडात असतो.

मग आम्ही हरलो कसे? – अहवालामुळे हरलो! तुमच्या अहवालामुळे! डॉक्टर इंगे – हो, तीच. तुझ्या पिशवीत दिसलं मला ते पुस्तक, हिरवं, तेच. पाच महिने माझ्या घरात राहिली ती बाई. रताळी खाल्ली, डब्यातला मासा खाल्ला, माझ्या बायकोची चटई घेऊन गेली. आणि काय केलं? आमच्या नऊ जागा छापल्या, तक्ता करून, पान दोनशे बारा. चव्हाट्यावर! मग कोणीही वाचावं, कोणीही सभेत म्हणावं. मोस्टिननं – नाही, मोस्टिननं म्हटल्या नाहीत. त्यानं एकही जागा सांगितली नाही. त्याला गरजच पडली नाही. पण मुद्दा तो नाही! मुद्दा असा की बाईनं छापलं.

कोणी सांगितल्या म्हणजे? माझ्या आईनं सांगितल्या. लिडिया तिचं नाव. बाई तिच्या मागे मागे डोंगर चढायची, मी मध्ये दुभाष्या. आई एकेका जागी थांबायची, नाव सांगायची, मी सांगायचो, बाई लिहायची. सातव्या जागेशी आई थांबली, खाली पाहिलं आणि काहीच न बोलता पुढे निघाली. मग आठवी, मग नववी. संध्याकाळी बाई तक्ता घेऊन माझ्यापुढे बसली – हेन्सली, हा एक रकाना रिकामा राहिला. काय चेहरा केला होता तिनं! जसं आम्ही तिला आठच बोटं देऊन घरी पाठवतोय. रिकामा रकाना चालत नाही म्हणे, तिकडचे गुरुजी परत पाठवतात. चांगली बाई होती तशी. मला ‘सहकारी’ म्हणायची. आयुष्यात मला कोणी सहकारी म्हटलं नव्हतं. बायको तर अजून ‘अहो ऐकलंत का’च्या पुढे गेली नाही. मग मी – नाव माहीतच असतं ना. घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. माहीत असणं वेगळं आणि – मग मी दिलं. रकाना भरला. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बघ, ‘हेन्सली, ज्यांच्या ज्ञानाशिवाय हे काम झालं नसतं.’ उघड, बघ. तिथंच आहे.

कशी रे तुमची जात? तोंडात घातलेला घास मोजता, पण घास का गिळला नाही ते विचारत नाही. आई का गप्प बसली, हे पाच महिन्यांत विचारलं नाही बाईनं. – मी? मी का विचारू? माझीच आई! – हो, नाही विचारलं. मला वाटलं, म्हातारी विसरली. मला वाटलं, मी तिची आठवण सावरतोय. त्यानंतर ती माझ्याशी जमिनीचं एक अक्षर बोलली नाही. डोरिनला घेऊन डोंगरावर जायची, मी आलो की म्हणायची, तू जा, तुझ्या बाईचं पत्र आलं का बघ. आणि मग वारली.

आणि सभा आली. मला कोण शिकवणार? आई नाही. मग मी पुस्तक काढलं, होडीत बसून पान दोनशे बारा पाठ केलं, शाळेतल्या पोरासारखं. उभा राहिलो, खणखणीत आवाजात नऊच्या नऊ म्हटल्या. नऊच्या नऊ! म्हातारा इझिकिएल, तोच आतही बसलाय, त्यानं तोंडातली सुपारी काढून पानावर ठेवली. म्हणाला, हेन्सली, तुला हे कोणी शिकवलं? जो त्या जमिनीवर जन्मला तो सातवीशी आल्यावर थांबतो, तीन श्वास, आणि पुढे जातो. तिथे झोपलेल्यांचं नाव घेत नाहीत. तू तर यादी वाचलीस. – यादी वाचलीस! एवढंच बोलला. उतार गेला.

नाही, हे डोरिनला नाही सांगितलं. ती तेव्हा राजधानीत, नर्सिंगला. गावात कोणी माझ्या तोंडावर बोलत नाही. काय सांगू तिला, तुझा मामा आजीचं पाठ न करता गोऱ्या बाईचं पाठ करून गेला? आणि ते पुस्तक तिच्याकडेही आहे. मीच दिलं होतं, पहिल्या पानासाठी. आजीनं तिला किती शिकवलं, पुस्तकातून तिनं किती घेतलं, मला कुठे माहीत? सकाळी म्हणालो, पोरी, एक गोष्ट बोलायची आहे. तर म्हणाली, मामा, तू आज बाहेर बस. – हो, तीच म्हणाली. उकडतं-बिकडतं काही नाही. झालं समाधान? लिही.

थांब. मोस्टिन बसला. हा तिचा आवाज. – इझिकिएल विचारतोय, मामा कुठाय हिचा? आता बोलावतील, ही सुपारी थुंकू दे, सदरा – काय म्हणाली? ‘माझा मामा बाहेर आहे आणि आज बाहेरच बरा आहे.’ हसतायत. हसू देत. – बोल म्हणाले तिला. बाईमाणसाला बोल म्हणाले, काय दिवस आले – गप, गप. पहिली. कड्यावरची. बरोबर. दुसरी. किती हळू सांगतेय, आईसारखी. तिसरी. अरे, तू पुस्तक का उघडलंस? बोट ठेवून जुळवतोस? मीट ते! चौथी. पाचवी. घाई करू नकोस गं. सहावी.

...

...

आठवी. आठवी म्हणाली. नववी. – ऐकलंस? नाही, तुला काय ऐकू येणार त्यात. माझे डोळे? चुना उडाला.

काय? पक्कं करायला म्हणून विचारतोस? तिनं एक गाळली, आणि पुस्तकातलं सातवीचं नाव बरोबर आहे ना, असं? दाखव. कुठे? – नाही बाबा. असलं नाव मी जन्मात ऐकलं नाही. त्या हेन्सलीनं थाप मारली तुमच्या बाईला. हो, मीच तो, म्हणून तर सांगतोय, थाप मारली. लिही तसं, तुझ्या पुस्तकात छाप, पहिल्या पानावर छाप – हेन्सली खोटारडा आहे, त्याच्या ज्ञानावर जाऊ नये. मी सही करतो, आण ते संमतीपत्रक. झालं? आता ऊठ. ते मुखिया आपसात बोलायला लागले. मला ऐकू दे.