दिसत तर काहीच नाही

नका हो उठू, मला जागा नको! पायाकडे बघून देताय ना? पाय नाही, हात! उजवा हात! गोदामात खांद्यावर कपाट पडलं माझ्या, लोखंडी, चार दारांचं, आणि दोरी सैल आहे हे मी मुकादमाला सकाळीच सांगितलं होतं, तर म्हणाला, "कॉलेज अर्धवट सोडलेल्यानं आम्हाला शिकवू नये," आणि दुपारी... धाड्! खांद्यातली नस चिरडली. तेव्हापासून ही बोटं नुसती हाताला लागलेली आहेत, माझी नाहीत. परवा शेगडीवरच्या पातेल्याला टेकवून गप्पा मारत उभा होतो, करपल्याचा वास आला तेव्हा कळलं, हे तर आपलंच शिजतंय!

डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत ऑपरेशन केलंत तर हात परत येईल, नंतर विसरा. आता ऑपरेशन म्हणजे पैसे, पैसे म्हणजे भरपाई, भरपाई म्हणजे दावा, आणि दावा म्हणजे... आमचे मोठे काका!

तुम्हाला सांगतो, माणसाला अपघात परवडतो, अनुभवी काका परवडत नाही. चाळीस वर्षं एका कचेरीत शिक्के मारले, म्हणून घरातली सगळी अक्कल त्यांच्याच नावावर. माझा हात वांगं निवडावं तसा फिरवून बघितला आणि म्हणाले, "पण दिसत तर काहीच नाही रे!" लगेच बाबा, "हो ना दादा, दिसत तर काहीच नाही." दादांच्या आधी बाबांनी जन्मात वाक्य उच्चारलेलं नाही. आई म्हणाली, "अहो, पण त्याला सुई टोचली तरी कळत नाही..."

"तुम्ही थांबा हो जरा! त्याला कळत नाही हे दावा तपासणाऱ्या साहेबाला कसं कळणार? पाय ओढ."

"काका, पायाला काय झालंय?"

"काही नाही! पण ओढला की दिसतं!"

झालं! रोज संध्याकाळी व्हरांड्यात तालीम. काका खुर्चीत. "डावा... डावा रे, गाढवा! कमरेतून ओढ! तोंड रडकं कर... राहू दे, आहे तेच चालेल." आणि शेजारीपाजारी चौकशी होते म्हणे, म्हणून पाच महिने रस्त्यात, दुकानात, जिन्यात, सगळीकडे लंगडलो. अहो, झोपेत कूस बदलतानाही लंगडायचो!

तपासणीला इथंच आलो, याच बाकावर बसलो. पुढचा नंबर माझा, आणि काकांनी फाईल उघडली. "अरे, पंचनाम्याची झेरॉक्स राहिली! पळ!"

आता मला सांगा, लहानपणापासून या माणसानं पळ म्हटलं की मी पळत आलोय, तपकीर आण, पळ, चष्मा आण, पळ... डोक्याच्या आधी पायच निघतात! दोन-दोन पायऱ्या टाकत खाली, तीन-तीन टाकत वर. वळणावर एक गृहस्थ आडवे आले, त्यांना म्हटलं, "सरका हो!"

मग आत गेलो. लंगडत. कमरेतून. समोर खुर्चीत तेच गृहस्थ!

"बसा," म्हणाले, "दमला असाल."

"साहेब, पाय सोडा, पाय खोटा! हात खरा आहे! टाचणी टोचा... टोचा ना!"

नाही टोचली. चष्म्यावरून एकदा बघितलं, "दिसत तर काहीच नाही," आणि कागदावर एकच शब्द लिहिला, 'बनाव'. तर काका तिथंच माझ्यावर, "तुला पळायला कुणी सांगितलं होतं?" आणि बाबा, "हो ना, कुणी सांगितलं होतं?"

सहा महिने केव्हाच उलटले. हात गेला. आणि पाय? पाच महिने वाकडं चालून कमरेचा सांधा खरोखरच बिघडला! सरळ चालायला जातो तर पडतो. औषधवालासुद्धा हळहळतो, "अरेरे, किती दिसतंय हो!"

काका खूश! "पायाचा नवा दावा टाकू! पण नुसत्या पायावर केस उभी राहत नाही. हात गळ्यात बांध. जरा दिसायला हवं."

आत्ता ते खाली गेलेत, झेरॉक्स राहिली होती. स्वतः गेलेत. मला पळता येत नाही ना!

नंबर आलाच वाटतं... ही पट्टी. आईनं जुनी चादर फाडून दिलीय. मानेमागं जरा गाठ मारता का?

एका हातानं जमत नाही हो.